नवरीचा कॉग आणि डेव्हिनाचा उजवा हात

क्वायबँकच्या डेव्हिनाला कुणी ‘तू बस गं, मी करते’ असं म्हटलं, तर ती म्हणणारीलाच खुर्चीत बसवायची आणि तिच्या पुढ्यात बटाट्यांचं घमेलं नि हातात सुरी ठेवायची. असं एकदोनदा झालं की माणसं शहाणी होतात. आमच्या बेटावर बहुतेक सगळे असे शहाणे झालेले होते.

क्वायबँक हे तिच्या शेताचं नाव. स्कॉटलंडच्या वर, ऑर्कनीच्या उत्तरेकडच्या बेटांवर अर्ध्या गावाची आडनावं सारखीच असतात, म्हणून माणूस ओळखायचा तो शेतावरून. डेव्हिना पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. बोलायला लागली की समुद्रावरचा वारासुद्धा जरा थांबून ऐकतो, असं तिचा नवरा मॅन्सी म्हणायचा, अर्थात ती घरात नसताना. तिचं सगळ्यांशी जमायचं. जमायचं नाही ते फक्त स्वतःच्या उजव्या हाताशी.

तिला एमएस होता, मज्जातंतूंचा आजार. मल्टिपल स्क्लेरोसिस हे पूर्ण नाव आमच्याकडे फक्त डॉक्टर घेतात. हा आजार इकडे पाहुणा नाही, घरचाच आहे. जगात आमच्याइतका तो क्वचितच कुठे आढळतो म्हणे. मोठमोठे लोक येतात, रक्त काढून नेतात, आणि परत येऊन कारण काही धड सांगत नाहीत. कुणी उन्हाला दोष देतं, म्हणजे नसलेल्या उन्हाला. कुणी आजोबा-पणजोबांच्या रक्ताला. त्यामुळे डेव्हिनाच्या आजाराचं नाव कळलं तेव्हा क्वायबँकला रडारड वगैरे झाली नाही. तिची बेलाआत्या त्याच आजाराने शेवटची कितीतरी वर्षं खिडकीशी बसून होती, आणि बसल्या जागेवरून तिने अख्खं घर चालवलं होतं. डेव्हिनाने बातमी ऐकली, बाहेर जाऊन वासरांना दूध पाजलं, आणि मग गोठ्याच्या भिंतीला टेकून एकटीच पोटभर रडली. एवढंच.

आजाराने सुरुवात केली होती ती चर्चच्या हॉलमधल्या चहाच्या किटलीपासून. भरली किटली तिच्या हातून अशी सुटली, जणू हाताने ती धरलीच नव्हती. मग कधी शिवणाची सुई, कधी सायकलचं हँडल. पाय तसे बरे राहिले, डोळ्यांनी एकदा दगा दिला आणि परत जागेवर आले, पण उजव्या हाताने कायमचा रुसवा धरला. तो दमायचा. आणि दमण्यापेक्षा वाईट म्हणजे तो जळायचा. दंडापासून बोटांच्या टोकांपर्यंत खाजकुयली चोळल्यासारखी आग. बाहीचा स्पर्शही नकोसा व्हायचा, म्हणून ती मॅन्सीचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सदरे घालायची.

ज्याचं औषध नाही त्याची सवय करून घ्यायची, आणि सवय करून घेण्यात डेव्हिना पटाईत होती. तिने किटली उचलणं सोडून दिलं. किटली जागेवरच ठेवायची, पेल्याने तिच्यात लागेल तेवढंच पाणी ओतायचं. पातेलं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. वासरांचं दूध मुलीच्या जुन्या बाबागाडीत बादली ठेवून गोठ्यात न्यायचं. येणारेजाणारे बाबागाडीत वाकून बघायचे आणि आत बादली बघून चपापायचे, त्याचा तिला फार आनंद. जड कामं सकाळी, हातात जीव असताना. दुपारनंतर फक्त जिभेची कामं. खुर्चीत बसली की कोपराखाली उशी, म्हणजे हाताचं ओझं खांद्याला ओढत नाही. हाताच्या व्यायामासाठी फाटकाला एक रबरी पट्टा बांधलेला होता. तो पट्टा नर्सबाईंनी दिलेला. रोज तो थोडा थोडा ओढायचा, आणि दमायच्या आधी थांबायचं. दमायच्या आधी थांबणं ही गोष्ट डेव्हिनाला आयुष्यात सगळ्यांत अवघड गेली. रात्रीची गोळी आग कमी करायची आणि सकाळी डोक्यात धुकं सोडायची, म्हणून सकाळी तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

आणि एक होतं. ऊब तिला सोसायची नाही. आजार नवा होता तेव्हा हात शेकावा म्हणून ती एकदा कढत पाण्याच्या टबात उतरली, आणि थोड्या वेळाने तिला टबातून उठताच येईना. हात नुसता पाण्यात पडलेल्या दोरीसारखा. शेवटी मॅन्सीला हाक मारून बाहेर काढून घ्यावं लागलं, आणि मॅन्सी ते काढताना इतका हसला की दोघंही पुन्हा टबात पडता पडता वाचले. तेव्हापासून उष्णता आणि आपण, आपलं पटत नाही, हे तिने जाहीर करून टाकलं. शेजारचे लोक हिवाळ्यात ऊन खायला स्पेनला जायचे तेव्हा तिला त्यांची खरोखर कीव यायची. आमच्या बेटावरचा गार, ओला, नाक लाल करणारा वारा तिच्या हाताला मानवायचा. असल्या वाऱ्यात जन्माला घातल्याबद्दल तिने देवाचे आभारही मानले होते. आमच्याकडे असं करणारी ती एकटीच असावी.

आता कॉगबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे लग्न म्हणजे कॉग. लाकडाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जोडून केलेलं, बादलीएवढं, दोन उभ्या कानांचं भांडं. त्यात घरची बिअर, व्हिस्की, रम, साखर, मिरी आणि आणखी काय काय, सगळं कढत. पेले नाहीत, ग्लास नाहीत. नवरी पहिला घोट घेते, मग नवरा, मग कॉग सूर्याच्या दिशेने हातोहात फिरतो, आणि ज्याने त्याने तोंड लावून प्यायचं. आमच्या गावात तो करायचा मान बेलाआत्याचा होता, ती खिडकीशी बसल्यावर डेव्हिनाकडे आला. आणि जिने केला तिनेच तो स्वयंपाकघरातून हॉलभर चालत नेऊन नवरीच्या हातात द्यायचा, अशी रीत. व्हायोलिनवाले चाल वाजवतात, सगळे उठून उभे राहतात. आणि कॉग कढतच हवा. कोमट कॉग म्हणजे करणारीची आयुष्यभराची नाचक्की.

हात गेल्यापासून डेव्हिना कॉग करायची आणि मॅन्सी तो उचलून तिच्या मागोमाग चालायचा. लोक उभे राहायचे आणि मॅन्सीकडे कुणी बघायचं नाही, जणू कॉग आपोआपच चालत आलाय. आमच्याकडची माणसं अशी आहेत. दिसलेलं न दिसल्यासारखं करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

पण मेरनचं लग्न ठरलं, तेव्हा डेव्हिनाने जेवताना जाहीर केलं, की हा कॉग ती स्वतः नेणार.

मेरन तिची एकुलती एक. आईचा हात गेला तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. शाळेला निघायच्या आधी ती आईच्या कोटाची बटणं लावायची, बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायची, आईचे केस विंचरून बांधायची. कधी तोंड वाकडं केलं नाही. आईची आई झाली ती. डेव्हिनाला हे विसरता येत नसे. एवढ्या वर्षांत पोरीने आपल्या हातात कितीतरी गोष्टी आणून दिल्या, आता एकदा, निदान एकदा, आपण आपल्या हाताने काहीतरी तिच्या हातात द्यायचं, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. मॅन्सीला मात्र कळलं असावं, कारण त्याने आणखी एक बटाटा तिच्या ताटात वाढला.

नवरा मुलगा एर्लेंड हा पलीकडच्या बेटावरचा. लग्नाचं ठरवायला त्याची आई फ्रीडा बोटीने आली, येताना सुकवलेले मासे घेऊन. उंच, गंभीर बाई, विधवा. हसायचं झालंच तर तोंड बंद ठेवून हसणारी. सगळं सुरळीत ठरलं, पाहुणे ठरले, केक ठरला, आणि मग कॉगचा विषय निघाला. आमच्याकडे कॉग नवऱ्याचा भाऊ नेतो, फ्रीडा म्हणाली, धाकटा चांगला दणकट आहे. आणि मग डेव्हिनाच्या हाताकडे एकदाच बघून म्हणाली, “तुम्ही निवांत बसा, विहीणबाई.”

मेरनने छताकडे बघितलं. मॅन्सी मासे बघायला लागला. डेव्हिनाने घमेलं आणलं, सुरी आणली, विहीणबाईंच्या पुढ्यात ठेवली. फ्रीडाला त्यातलं काही कळलंच नाही. तिने बाह्या सारल्या आणि गप्पा मारता मारता सगळे बटाटे सोलून टाकले, इतके पातळ की सालं आरपार दिसावीत. एवढी मोठी फजिती डेव्हिनाची आजवर झाली नव्हती.

“कॉग मी नेणार आहे,” ती म्हणाली.

“बरं,” फ्रीडा म्हणाली, आणि सालं गोळा करायला लागली. तो ‘बरं’ कसला, होकाराचा की दयेचा, हे डेव्हिनाला रात्रभर उलगडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. गुरं कुरणात गेल्यामुळे गोठा रिकामा होता. सकाळी सगळे उठायच्या आत ती बेलाआत्याचा कॉग घेऊन गोठ्यात जायची, नळाचं पाणी त्यात भरायची, आणि गोठ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. सुरुवातीला नुसतं तळ झाकेल एवढं पाणी. डावा हात कॉगच्या एका कानाला, उजवा कोपर बरगडीला टेकवून उजवी मूठ दुसऱ्या कानाला, आणि भार छातीवर. मनगटावर भार आला की संपलं. घाई केली की संपलं. कॉग तिच्या हातून पडला, पाणी तिच्या बुटांत गेलं, एकदा कॉग गडगडत जाऊन मांजरावर आदळला आणि मांजर तीन दिवस घरी आलं नाही. हात असा भणभणायचा की ती थंडगार भिंतीला दंड लावून उभी राहायची आणि दात आवळून बेलाआत्याच्या नावाने खडे फोडायची, कॉगसाठी इतकं जाड लाकूड वापरल्याबद्दल.

मॅन्सी रोज गोठ्यात यायचा तेव्हा फरशी ओली असायची.

“छप्पर गळतंय वाटतं,” तो एकदा म्हणाला. आठवडाभरात पावसाचा थेंब नव्हता.

“गळत असेल. बघ जरा,” ती म्हणाली.

आणि हा गृहस्थ खरंच शिडी लावून छपरावर चढला, सगळे पत्रे ठोकून बघितले, आणि खाली उतरून म्हणाला की वरून तर काही दिसत नाही, उद्या पुन्हा बघतो. आमच्याकडच्या नवराबायकोंचं प्रेम हे असं असतं. बाहेरच्या माणसाला ते दिसणार नाही, आणि दाखवायला गेलात तर दोघंही नाकारतील.

हळूहळू पाणी वाढत गेलं. जूनच्या सुरुवातीला ती काठोकाठ भरलेला कॉग घेऊन गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि एक थेंब सांडला नाही. त्या दिवशी तिने मॅन्सीला हाक मारली. तो पेंडीच्या पोत्यावर बसला. ती चालत आली आणि कॉग त्याच्या हातात दिला. मॅन्सीने कॉगमध्ये बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला की छप्पर आता दुरुस्त झालं म्हणायचं. मग नाक शिंकरायला बाहेर गेला.

लग्नाचा दिवस उजाडला तो वाऱ्याचा. मेरन चर्चमध्ये इतकी सुंदर दिसली की डेव्हिनाला स्वतःच्या हाताचा पूर्ण विसर पडला. सगळं नीट पार पडलं आणि वरात हॉलकडे गेली. डेव्हिना सरळ स्वयंपाकघरात शिरली, डोक्यावरून एप्रन घालायच्या नादात टोपी वाकडी झाली, आणि कामाला लागली. दोन मोठी पातेली गॅसवर. बाहेर वाऱ्याने नुसता कहर केला होता म्हणून खिडक्या घट्ट बंद. एका बाजूला बटाटे आणि सलगम उकडत होते, एका बाजूला चहाचं पाणी खदखदत होतं, आणि मध्ये डेव्हिना पातेल्यावर वाकून डावाने ढवळत होती. चव बघितली, मिरी वाढवली, पुन्हा चव बघितली. बरोबरीच्या बायका ताटं घेऊन हॉलमध्ये गेल्या. मिश्रण वाफाळतं झालं. आता कॉग भरायचा.

तिने उजवा हात उचलला, आणि हात उठला नाही.

तिने पुन्हा प्रयत्न केला. बोटं जराशी हलली, जणू झोपेत. सबंध हात खांद्यापासून लोंबत होता. वाफेने तिचा चेहरा घामेजला होता, एप्रन अंगाला चिकटला होता, आणि तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. इतके आठवडे तालीम केली ती गार गोठ्यात, नळाच्या गार पाण्याने. उष्णता आणि आपलं पटत नाही हे साऱ्या बेटाला ओरडून सांगणाऱ्या बाईने कढत कॉगची तालीम गार पाण्याने केली होती. तिला हसूही आलं आणि रडूही. बाहेर व्हायोलिनवाल्यांनी तारा जुळवायला सुरुवात केली होती.

त्याच वेळी दार ढकलून फ्रीडा आत आली. काही लागलं तर बघायला, असं म्हणाली. मग तिने डेव्हिनाकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

“हात गेला,” डेव्हिना म्हणाली. अशी सरळ कबुली तिने आजवर कुणाला दिली नव्हती.

“वाफेने?”

डेव्हिनाने मान डोलावली. आता धाकट्या दणकट मुलाचं नाव निघणार, असं तिला वाटलं. पण फ्रीडाने गॅस बंद केला, डेव्हिनाचा लोंबता हात कोपराखाली धरला आणि तिला मागच्या दाराने सरळ बाहेर वाऱ्यात आणलं. तिथे पावसाच्या पाण्याचं मोठं पिंप होतं. फ्रीडाने तिचं मनगटावरचं बटण काढलं, बाही खांद्यापर्यंत सारली, आणि हात पिंपात दंडापर्यंत बुडवला. पाणी असं गार होतं की डेव्हिनाच्या तोंडून चर्चमध्ये न बोलण्याजोगा शब्द निघाला.

“माझ्या भावाला होता,” फ्रीडा म्हणाली. “तो कपडे न काढताच समुद्रात जाऊन उभा राहायचा. कमरेएवढ्या पाण्यात, पाइप ओढत.”

दोघी विहिणी लग्नाच्या टोप्या घालून पिंपापाशी उभ्या राहिल्या. वारा दोघींची टोपी पळवायला बघत होता, म्हणून फ्रीडाने एका हाताने स्वतःची आणि दुसऱ्या हाताने डेव्हिनाची धरून ठेवली. आत व्हायोलिनवाल्यांनी कॉगची चाल सुरू केली, संपवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

“कॉग निवतोय आत,” डेव्हिना म्हणाली.

“निवू दे.”

“अगं, कोमट कॉग? माझ्या हातचा? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, कोमट आहे,” फ्रीडा म्हणाली. “कढत हवा असेल तर बोलावते धाकट्याला. तो पळत नेईल.”

डेव्हिनाने दाराकडे बघितलं. आत तिचं बेलाआत्यापासून चालत आलेलं नाव मिनिटामिनिटाला निवत होतं, आणि इथे बोटांच्या टोकांना पुन्हा मुंग्या येऊ लागल्या होत्या. पुन्हा गॅस पेटवायचा तर पुन्हा तीच वाफ, म्हणजे एक येईल तेव्हा दुसरं गेलेलं असेल हे उघड होतं. तिने हात आणखी खाली, थेट काखेपर्यंत बुडवला.

“निवू दे मेला,” ती म्हणाली.

आत चाल तिसऱ्यांदा वाजायला लागली तेव्हा तिने बोटं मिटून बघितली. मिटली. मूठ वळली. दोघी आत आल्या. फ्रीडाने कॉग भरला, काठोकाठ, जराही हात न आखडता, आणि डेव्हिनाला ते फार बरं वाटलं. मग दार उघडून धरलं आणि बाजूला झाली.

डेव्हिना निघाली. डावा हात एका कानाला, उजवा दुसऱ्या, भार छातीवर. सगळा हॉल उभा. यावेळी मात्र न बघण्याची आमची ती सवय सगळे विसरले आणि डोळे फाडून बघत राहिले, कारण मॅन्सी मागे नव्हता. तो भिंतीशी उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डेव्हिनाने कुणाकडे बघितलं नाही. कॉगच्या काठावर नजर, पाय जमिनीला घासत. ओली बाही, वाकडी टोपी, एप्रन काढायचा राहिलेला. हॉलच्या मध्यावर हात थरथरला, एक थेंब उडून तिच्या हनुवटीवर पडला. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. गोठा लांबीला हॉलपेक्षा थोडा जास्तच होता. त्या दिवशी तिला ते खरं वाटलं नाही.

मेरनने दोन्ही हात पुढे केले आणि कॉग धरला. डेव्हिनाने डावा हात सोडला. उजवा सोडायला गेली तर सुटेना.

गारठा आणि ताण यांनी बोटं कानाभोवती अशी घट्ट आवळली गेली होती की डोकं सांगतंय सोड आणि हात ऐकत नाही. असं तिचं अधूनमधून व्हायचं, पण होण्याची ही वेळ होती का?

“आई, सोड आता,” मेरन हळूच म्हणाली.

“सुटत नाहीये गं.”

मेरनने त्या बोटांकडे बघितलं. लहानपणापासून ती बोटं तिच्या ओळखीची होती. ती जबरदस्तीने ओढली तर आईच्या हातात कशी कळ येते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं.

“मग नको सोडूस,” ती म्हणाली. “चल माझ्याबरोबर.”

आणि आईच्या हातासकट कॉग तिने तोंडाला लावला. नवऱ्या मुली एरवी ओठ भाजायच्या भीतीने चिमणीएवढा घोट घेतात. मेरन प्यायली ती तहान लागल्यासारखी, खाली न ठेवता. मग दोघींनी मिळून कॉग एर्लेंडपुढे धरला. मग पाद्रीबुवांपुढे. मग रांगेने सगळ्यांपुढे. एक कान मुलीच्या हातात, दुसरा आईच्या, आणि डेव्हिना माणसामाणसापुढे थांबत, प्रत्येकाची तोंडभरून विचारपूस करत हॉलभर फिरली, कारण दुसरा इलाजच नव्हता. न्यूहाउसचा म्हातारा हा सगळ्या रीतिभातींचा स्वयंघोषित राखणदार. त्याने भुवया वर करून विचारलं की ही काय नवी पद्धत काढली.

“हो,” मेरन म्हणाली.

म्हाताऱ्याने घोट घेतला. “कोमट आहे,” तो म्हणाला.

“फुंकर मारायचे तुझे कष्ट वाचले,” डेव्हिना म्हणाली. म्हाताऱ्याने विचार केला, आणि कॉग पुन्हा तोंडाला लावला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्यातल्या कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की कॉगला चव कसली असते. एरवी जीभ पोळून बधिर व्हायची. कॉग पहिल्याच फेरीत अर्ध्या हॉलला पुरेनासा झाला, पुन्हा भरावा लागला, आणि नाच सुरू व्हायच्या आतच माणसं इतकी रंगात आली की व्हायोलिनवाल्यांना दम लागला.

फेरी फ्रीडापाशी आली तेव्हा तिने आधी कॉगकडे बघितलंच नाही. तिने डेव्हिनाचं मनगट हातात घेतलं, ते अलगद खाली वाकवलं, अंगठ्याखाली स्वतःचा अंगठा सरकवला, आणि थांबली. ओढलं नाही. बोटं एकेक करून आपोआप उलगडली. हे काम तिने पूर्वी पुष्कळदा केलेलं असणार. मग तिने कॉग घेतला, घोट घेतला, आणि तोंड बंद ठेवून हसली. डेव्हिनाने रिकाम्या झालेल्या हाताने तिचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तो मात्र तिने स्वतःहून धरला होता.

दुसऱ्या दिवशी मेरन आणि एर्लेंड सकाळच्या बोटीने गेले. डेव्हिना आणि मॅन्सी धक्क्यावरून परत आले, आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत कोपराखाली उशी घेऊन बसली. घर एकदम मोठं वाटत होतं. हात खांद्यापासून बोटांपर्यंत नुसता ठणकत होता. मॅन्सीने चहा आणून तिच्या डाव्या बाजूला ठेवला, तिचा चेहरा बघितला, आणि गोळ्यांची बाटली आणायला वळला.

“फार दुखतोय का?” त्याने विचारलं.

“मरणाचा दुखतोय,” ती म्हणाली. “पण थांब जरा, गोळी नको देऊस.”

तिने डाव्या हाताने उजवा दंड चाचपून बघितला, खांदा चाचपला, जिथे दुखत होतं तिथे मुद्दाम दाबलं. रोजची आग ओळखीची होती. ती होतीच, जाणार कुठे? पण तिच्या खाली, मांसात खोल, एक दुसरंच जडशीळ दुखणं होतं. गवत कापून झाल्यावर, मेंढ्यांची लोकर कातरून झाल्यावर पूर्वी दुखायचं तसं.

“हे आजाराचं नाहीये, मॅन्सी,” ती म्हणाली. “हे कामाचं दुखणं आहे. किती वर्षांनी आलंय बघ. राहू दे थोडा वेळ.”

मॅन्सीने बाटली कपाटात परत ठेवली, दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला.